गुरांसाठी मॅग्नेशियमवालं मिनरल मिक्श्चर घेताय? आधी पाकीट उलटं करा

पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडे कोकणात दोन कामांची घाई असते, एक पेंढा झाकायची आणि दुसरं गुरांचं मिनरल मिक्श्चर आणून ठेवायची, त्यातलं दुसरं बरेच जण विसरतात. मी विसरत नव्हतो, दर महिन्याला डबा आणायचो, रोज चमचा भरून द्यायचो, आणि तरी जुलैत गाय आडवी झाली. म्हणून हे लिहितोय.

जर्सी क्रॉस, चौथं वेत, व्यायला तीन आठवडे झालेले. सकाळी धार काढताना आई म्हणाली, "रे, हिचे कान बघ कशे थरथरतत." मला वाटलं माश्या असतील. पण जी गाय कधी पाय उचलत नाही ती चरवी लाथाडत होती, डोळे वटारलेले, पत्र्यावर सर आपटली तरी दचकत होती. तासाभरात मागचे पाय काठीसारखे ताठ टाकत चालायला लागली आणि अंगणात आणेपर्यंत कोसळली, पाय झाडतेय, तोंडाला फेस. डॉक्टर नशिबाने वाटेतच होते. शिरेतून कॅल्शियम-मॅग्नेशियमची बाटली अगदी हळूहळू सोडली, मधेमधे छातीला स्टेथोस्कोप लावत, वर कातडीखाली मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन. गाय उठली. मॅग्नेशियम कमी पडलं होतं. मग डॉक्टरांनी हात धुताना विचारलं, मिनरल काय देतोस, तर मी मोठ्या रुबाबात डबा आणून दाखवला, पुढे गाईचा फोटो, "चिलेटेड" असं मोठ्ठं लिहिलेलं. त्यांनी डबा उलटा केला आणि मागचं बारीक अक्षर वाचलं. मॅग्नेशियम, किलोला ६००० मिलिग्रॅम. म्हणाले, तू दिवसाला ५० ग्रॅम देतोस ना, मग काढ हिशोब.

काढा तुम्हीपण. ६००० मिलिग्रॅम म्हणजे ६ ग्रॅम, ते एका किलोत. ५० ग्रॅमात ०.३ ग्रॅम. गाईला दिवसाला लागतं वीस-तीस ग्रॅम. म्हणजे मी वर्षभर समुद्रात मीठ टाकत होतो. त्या डब्यात झिंक, कॉपर, आयोडीन बरोबर होतं, कंपनीने काही खोटं लिहिलेलं नव्हतं, वाचलं मी नव्हतं.

तर पहिली गोष्ट, "मॅग्नेशियमयुक्त", "हाय मॅग", "प्लस" असले शब्द सोडून द्या. प्रश्न एकच विचारायचा, ह्याच्या रोजच्या डोसातून माझ्या गाईच्या तोंडात मॅग्नेशियम किती ग्रॅम जातंय.

हे रोजच्या रोज का लागतं

कॅल्शियम कमी पडलं तर शरीर हाडातून थोडंफार काढून घेतं. मॅग्नेशियमचं तसं नाही. शरीरातलं अर्ध्याहून जास्त मॅग्नेशियम हाडातच असतं, पण अडीअडचणीला ते पटकन सुटत नाही, आणि गाय म्हातारी होत जाते तसं अजूनच सुटत नाही. म्हणून चौथ्या-पाचव्या वेताच्या गाईला धोका जास्त, पहिलारूला कमी. आज खाल्लं ते आज-उद्याला पुरतं. चार दिवस दिलं आणि डबा संपला म्हणून आठवडाभर बंद, असं केलं तर दिलेलं वाया.

दुसरं म्हणजे मोठ्या जनावरात ते आतड्यात नाही, मुख्यतः पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, रुमेनमध्ये शोषलं जातं, आणि तिथे त्याचा वैरी आहे पोटॅशियम. वैरणीत पोटॅशियम जास्त असलं की मॅग्नेशियम समोर असून आत शिरत नाही. आता आपल्याकडचं चित्र बघा. जांभ्याची आंबट माती, वर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, कॅल्शियम-मॅग्नेशियम धुवून खाली जातं (माडाची खालची झावळं पिवळी पडतात त्यात पुष्कळदा हेच कारण असतं). त्यात आपण संकरित नेपिअर गवताला गोठ्याचं शेणमूताचं पाणी सोडतो, वर युरिया मारतो. शेणमूतात पोटॅशियम भरपूर. गवत काळंभोर वाढतं, बघून जीव सुखावतो, आणि नेमकं तेच कोवळं, पाणीदार, पोटॅशियम-नायट्रोजनने भरलेलं गवत दुभत्या गाईला घातक. जून-जुलैत सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, पहिलं हिरवं आलं की गुरं पेंढ्यावरून एकदम त्यावर तुटून पडतात, तोच धोक्याचा काळ.

अजून एक, मीठ. मीठ कमी पडलं की लाळेत सोडियमच्या जागी पोटॅशियम येतं आणि मॅग्नेशियमची वाट अजून अडते. म्हणून कुठलंही मॅग्नेशियम आणा, सोबत दिवसाला ३० ग्रॅमच्या आसपास मीठ गेलंच पाहिजे, नाहीतर महागाची पावडर शेणातून बाहेर.

मिठावरून आठवलं. आमच्याकडे बरेच जुने लोक सांगतात की मिठागराचं काळपट खडे मीठ घाला, त्यात सगळं असतं. शिरोड्याच्या बाजूला तर हे हमखास ऐकायला मिळतं. त्यात तथ्य आहे, ते मीठ पावसात ओलं होऊन गळतं ना, ते त्यात उरलेल्या मॅग्नेशियम क्लोराईडमुळेच, आणि चवीला कडवट लागतं तेही त्यामुळेच. पण प्रमाण इतकं कमी की ३० ग्रॅम मिठातून काही हाताला लागत नाही. मीठ म्हणून उत्तम, मॅग्नेशियम म्हणून धरू नका.

तुमच्या गाईला किती कमी पडतंय ते काढा

हे काम कंटाळवाणं आहे पण एकदाच करायचं. आधी गाईचं वजन. काटा कुणाकडे नसतो, टेप घ्या. छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे, इंचात. लांबी खांद्याच्या टोकापासून मागच्या बुडाच्या हाडापर्यंत, तीही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. माझ्या गाईचा घेर ६५, लांबी ५५, आले साधारण ३५२ किलो. दुकानदार, शेजारी, मी स्वतः, सगळे चारशेच्या वर सांगत होतो.

अशी दुभती गाय वजनाच्या तीनेक टक्के सुका चारा-खुराक खाते, म्हणजे सगळ्यातलं पाणी वजा करून दहा किलोच्या आसपास. एरवी त्यात ०.२ टक्के मॅग्नेशियम पुरतं, म्हणजे २० ग्रॅम. कोवळ्या गवताच्या दिवसात आणि नुकती व्यायलेली असेल तर ०.३ टक्के धरायचं, म्हणजे ३० ग्रॅम. दुधातून जातं लिटरला फक्त ०.१२ ग्रॅमच्या आसपास, आठ लिटरला एक ग्रॅम, मग तीस ग्रॅम कशाला असं मीही विचारलं होतं. उत्तर हे की खाल्लेल्यातलं थोडंच आत जातं, आणि पोटॅशियम जास्त असेल तर त्याहून कमी, त्यामुळे कितीतरी पट घालावं लागतं.

आता पोटात जातंय किती. हिरवं गवत २० किलो, पण त्यात सुकं चारच किलो, त्यातून आठ-नऊ ग्रॅम. पेंढा तीन किलो, त्यातून फारतर चार. खुराक तीन किलो, त्यातून नऊ. बेरीज एकवीस-बावीस. म्हणजे मला पावसाळ्यात वरून ८ ते १० ग्रॅम मॅग्नेशियम द्यायचंय. हे आकडे अंदाजाचे आहेत, गवताचं मॅग्नेशियम शेताशेतात बदलतं, चारा तपासून घेता आला तर उत्तमच, दापोलीच्या कृषी विद्यापीठाशी किंवा आपल्या कृषी विज्ञान केंद्राशी, रोह्याला, किर्लोसला, बोलून बघा. पण अंदाजानेही दिशा कळते. माझी गरज ८-१० ग्रॅम आणि मी देत होतो ०.३.

खुराकात एक गोष्ट फुकटात पदरात पडते, भाताचा कोंडा. कोंड्यात मॅग्नेशियम भरपूर असतं, चांगल्या कोंड्यात किलोला सात-आठ ग्रॅम. फक्त गावच्या हलरचा, म्हणजे भात भरडायच्या गिरणीचा, कोंडा असेल तर त्यात तूस मिसळलेला असतो, मग निम्मं धरा. आणि जुना खवट झालेला घालू नका, एक-दीड किलोच्या वर जाऊ नका. कोंड्यात फॉस्फरसही खूप असतो, म्हणून सोबत कॅल्शियमची पावडर हवी. चवळी, शेवरी, शेवग्याचा पाला, ह्या सगळ्यात गवतापेक्षा जास्त मॅग्नेशियम असतं, बांधावर असेल तर दोन पेंढ्या रोज टाका.

गावठी कपिला गाय, दीड-दोन लिटरवाली, दिवसभर सड्यावर चरून येते, तिच्यासाठी एवढा हिशोब करत बसू नका. मीठ आणि साधं चांगलं मिनरल मिक्श्चर पुरतं. भाकड गाईंचंही तसंच. मात्र व्यायला शेवटचे तीन आठवडे राहिले की गाभण गाईकडे लक्ष द्या, कारण तेव्हा मॅग्नेशियम कमी असलं तर व्यायल्यावर हाडातलं कॅल्शियमही नीट सुटत नाही आणि मिल्क फिव्हर होतो, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घसरून गाय बसते. कॅल्शियमच्या बाटल्यांवर बाटल्या पाजूनही गाय बसते, त्यात कधीकधी मूळ हेच असतं.

आता पाकिटाची मागची बाजू

बाजारात मोटामोटी तीन तऱ्हेचा माल मिळतो.

पहिला, साधं मिनरल मिक्श्चर, ज्यावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस १६६४ (गुरांच्या मिनरल मिक्श्चरचं भारतीय मानक) असं लिहिलेलं असतं. ह्यात मॅग्नेशियम साधारण ५ ते साडेसहा टक्के. ५० ग्रॅम दिलं की अडीच-तीन ग्रॅम. दिसायला ओबडधोबड पाकीट, राखी रंगाची पावडर, पण कॅल्शियम, फॉस्फरस, कॉपर, झिंक सगळं ठरलेल्या प्रमाणात. बारा महिने पाया म्हणून हेच ठेवा. दूध संस्थेतून मिळालं तर तिथूनच घ्या. काही ठिकाणी त्या भागाच्या मातीचाऱ्याचा विचार करून बनवलेलं क्षेत्रनिहाय मिश्रण मिळतं, ते मिळालं तर बघायलाच नको.

दुसरा, चकचकीत डबा. चिलेटेड, व्हिटॅमिन, यीस्ट, सगळं. वाईट नाही, पण मॅग्नेशियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असेल तर समजा ते नावापुरतं आहे. मिलिग्रॅम प्रति किलोला १०,००० ने भागलं की टक्के मिळतात. ६००० म्हणजे ०.६ टक्के. आकडा मोठा दिसावा म्हणूनच मिलिग्रॅममध्ये लिहितात असं माझं ठाम मत आहे. ८ ग्रॅम मॅग्नेशियमसाठी ह्याचं सव्वा किलोच्या वर रोज घालावं लागेल. कॅल्शियमच्या पातळ टॉनिकांचंही तेच, मागे वाचा म्हणजे कळेल.

तिसरा, ज्यासाठी हा सगळा खटाटोप, नुसतं मॅग्नेशियमचं सप्लिमेंट किंवा जास्त मॅग्नेशियमचं मिश्रण. इथे "मॅग्नेशियम" आणि "मॅग्नेशियम ऑक्साईड" ह्यात गल्लत होते. लेबलवर "मॅग्नेशियम ऑक्साईड २० टक्के" असेल तर त्यात मॅग्नेशियम १२ टक्क्यांहून कमीच, कारण ऑक्साईडमध्ये शुद्ध असलं तरी मॅग्नेशियम ६० टक्के असतं, पशुखाद्याच्या दर्जाच्या मालात ५४ ते ५८. आणि कुठल्या रूपातलं मॅग्नेशियम आहे हे लेबलवर नसेल तर ते पाकीट परत ठेवा, दुकानदार कितीही म्हणो की सगळे हेच नेतात.

रूपांचं बोलायचं तर ऑक्साईड सगळ्यात परवडणारं. १० ग्रॅम मॅग्नेशियमसाठी १८-१९ ग्रॅम पावडर पुरते. पण चव वाईट आणि दर्जात जमीन-अस्मानाचा फरक. मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे एप्सम सॉल्ट, त्यात मॅग्नेशियम दहाच टक्के, त्यामुळे तेवढ्याच कामाला १०० ग्रॅम लागतं. पाण्यात विरघळतं, लवकर लागू पडतं, पण शेण पातळ होतं आणि गंधक जास्त जातं, जे कॉपरच्या आड येतं. आठ-दहा दिवसाच्या घाईला ठीक, महिनोन् महिने नको. मॅग्नेशियम क्लोराईड बारा टक्क्यांच्या आसपास, तेही चांगलं विरघळतं, फक्त आपल्या हवेत उघडं ठेवलं की दुपारपर्यंत त्याचं पाणी होतं, तसंच ते कडवटही लागतं. डोलोमाईट मात्र फसवं. आकडा १०-१२ टक्के दिसतो, स्वस्त मिळतं, पण गाईच्या पोटात त्यातलं मॅग्नेशियम फार कमी सुटतं. जमिनीला घाला, गाईला नको.

आणि हो, माडासाठी आणलेलं मॅग्नेशियम सल्फेट पडवीत असतंच, झाडाला वर्षाला अर्धा किलो टाकतो तेच. नाव तेच म्हणून ते गाईला घालू नका. खताच्या दर्जाच्या मालात काय काय येतं ह्याची हमी नसते. पिशवीवर पशुखाद्यासाठी, फीड ग्रेड, असं लिहिलेलं पाहिजे. मी स्वतः एकदा घालायला निघालो होतो, म्हणून सांगतोय.

भाव बघायचा तर किलोचा बघू नका, ग्रॅमचा बघा. समजा ऑक्साईड १०० रुपये किलो, ५४ टक्क्यांचं, म्हणजे किलोत ५४० ग्रॅम मॅग्नेशियम, ग्रॅमला वीस पैशांच्याही आत. समजा चकचकीत डबा १५० रुपये किलो, ०.६ टक्के, म्हणजे किलोत ६ ग्रॅम, ग्रॅमला २५ रुपये. आकडे समजायला घेतलेत, तुमच्या दुकानातले टाकून बघा, फरक असाच येईल. ऑक्साईडची अडचण एवढीच की ते गोणीने येतं, एकट्याला २५ किलो जास्त होतं. आम्ही वाडीतल्या चौघांनी मिळून घाटावरून मागवलं आणि वाटून घेतलं.

ऑक्साईड चांगलं की वाईट, घरी कसं बघायचं

ऑक्साईड भट्टीत भाजून बनवतात. भाजणी बिघडली, जास्त कडक झाली, की पावडर दगडासारखी निष्क्रिय होते, टक्के तेवढेच पण पोटात विरघळत नाही. जाड दाण्यांचंही तसंच, बारीक पिठासारखं असेल ते जास्त लागू पडतं. रंगावर जाऊ नका, पांढरं, पिवळसर, राखी, सगळं येतं.

तपासायला किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर पुरतं. झाकणाच्या काचेच्या बाटलीत ३ ग्रॅम पावडर, त्यावर ४० मिली व्हिनेगर हळूहळू ओता, झाकण लावून चांगलं हलवा, अर्धा तास ठेवा, परत हलवा आणि पीएच बघा (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट). नुसत्या व्हिनेगरचा पीएच तीनच्या खाली असतो. चांगलं ऑक्साईड त्याला आठच्या पुढे नेतं, भिकार असेल तर चारपर्यंतही जेमतेम पोचतं. पीएचच्या पट्ट्या कुठून आणायच्या, तर मी कोळंबी प्रकल्पावर काम करणाऱ्या मित्राकडून चार मागून घेतल्या, त्यांच्याकडे ढीग असतो. दोन दुकानांचे नमुने असतील तर दोन्हीला एकाच बाटलीतलं व्हिनेगर वापरा, नाहीतर तुलना चुकते. एक नमुना माझ्याकडे साडेचारवर अडकला, दुसरा आठ. पीएचमध्ये एक आकडा म्हणजे दहापट, त्यामुळे साडेचार आणि आठ ह्यात किती फरक ते बघा, आणि दोन्ही पिशव्यांवर ५४ टक्केच लिहिलेलं. आणि व्हिनेगर ओतल्यावर सोड्यासारखं फसफसून वर आलं तर त्यात चुनखडी किंवा डोलोमाईटची भेसळ आहे असं धरा, ऑक्साईड असं फसफसत नाही.

खायला कसं घालायचं

आणलं आणि घातलं असं होत नाही. पहिल्या दिवशी मी २० ग्रॅम सरळ आंबोणात, म्हणजे भिजवलेल्या खुराकात, ओतलं. गाईने हुंगलं आणि मान फिरवली. आई म्हणाली, "ह्यात काय विख घातलंस काय रे, ती तोंड पण लावणा नाय." मग डॉक्टरांनी सांगितलं तसं ५ ग्रॅमपासून सुरू केलं, दर दोन दिवसांनी थोडं वाढवत आठवड्याने २० वर आणलं. भिजवलेली खोबऱ्याची पेंड, मूठभर गूळ, मीठ, आणि मग पावडर, हाताने नीट कालवून. पेंडीचा वास असला की चालतं. पावडर उडते, नाकाला फडकं बांधा.

पाण्याच्या बादलीत टाकू नका. ऑक्साईड विरघळत नाही, गाय वरचं पाणी पिते आणि तळाला पांढरा थर तसाच, आपल्याला वाटतं पोटात गेलं. विरघळवून द्यायचं तर सल्फेट किंवा क्लोराईड. चाटण विटाही मी वापरून बघितल्या. आमच्या हवेत अर्धी वीट पावसाने चाटली, आणि कुठली गाय किती चाटते ह्याचा काही हिशोब लागत नाही, दांडगी गाय सगळी खाते आणि गरजेची मागे राहते. जास्तीचा आधार म्हणून टांगा, भरवशाची म्हणून नको.

चमच्याने मोजू नका, एकदा तरी वजनकाट्यावर घ्या. एका कंपनीच्या पावडरीचा चमचा ८ ग्रॅम भरला, दुसरीचा १३. त्यानंतर मी एक जुनी प्लॅस्टिकची डबी २० ग्रॅमला मार्करने खूण करून गव्हाणीजवळ टांगली आहे, गोणी बदलली की खूण बदलायची.

साडेतीनशे किलोच्या गाईला १५ ते २० ग्रॅम चांगलं ऑक्साईड, अधिक ५० ग्रॅम साधं मिनरल मिक्श्चर, अधिक मीठ, हे माझं पावसाळ्याचं गणित. मोठ्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईला ह्याच्या दुप्पट-तिप्पटही लागू शकतं, ते वजन आणि खाणं बघून डॉक्टरांशी ठरवा. जास्त झालं तर आधी शेण पातळ होतं, गाय खुराक कमी खाते. सगळं धरून सुक्या खाण्याच्या ०.४ टक्क्यांपुढे आपल्या मनाने जाऊ नका. सुरुवात मेच्या शेवटच्या आठवड्यात करा, म्हणजे हिरवं यायच्या आधी तोंडाला सवय झालेली असते.

गोठ्यात बोकड असतील तर हे मिश्रण त्यांच्यापासून लांब. मॅग्नेशियम आणि फॉस्फरस जास्त झालं की बोकडांना, त्यातही खच्ची केलेल्यांना, मूतखडा होतो, लघवी अडते आणि दोन दिवसांत जनावर जातं. कोंडा आणि हे दोन्ही एकत्र खाल्लं तर अजूनच. गाईची उष्टी आंबोण बोकडाला ओतायची सवय आमच्या घरात होती, ती बंद केली. दुसरीकडे, दोन-तीन महिने फक्त दुधावर ठेवलेल्या वासरांनाही मॅग्नेशियम कमी पडतं, कारण दुधात ते कमीच असतं, त्यांना वेळेत कोवळा चारा आणि वासरांचा खुराक सुरू करा.

आणि एवढं सगळं करूनही कान थरथरायला लागले, गाय दचकते, ताठ चालते, तर घरचे उपाय करत बसू नका, काही तासांचा खेळ असतो. मिल्क फिव्हरमध्ये गाय थंड पडते, मान कुशीला टाकून गपचूप बसते, ह्यात उलट, पेटल्यासारखी असते. कधी दोन्ही एकत्रही येतं. १९६२ ह्या जनावरांच्या दवाखान्याच्या हेल्पलाइनला फोन करा किंवा आपल्या डॉक्टरांना. तोपर्यंत गर्दी आणि आरडाओरडा नको, अंधारात शांत ठेवा, डोकं दगडावर आपटू नये म्हणून खाली पेंढा. पाय झाडणाऱ्या गाईच्या तोंडात नळी-बाटली घालायची नाही, ते फुप्फुसात जातं. शिरेतलं इंजेक्शन डॉक्टरांचंच काम, मॅग्नेशियम शिरेतून घाईने गेलं तर हृदय थांबतं.

राहिलं साठवणीचं. ऑक्साईडला ओल लागली की सिमेंटसारखा गठ्ठा होतो. झाकणाचं बॅरल घ्या, आत जाड प्लॅस्टिकची पिशवी, जमिनीवर नाही तर फळीवर, आणि महिन्याला लागेल तेवढंच छोट्या डब्यात काढा. गेल्या वर्षी माझ्याकडून पिशवीचं तोंड उघडं राहिलं आणि दहीकाल्यापर्यंत तळातल्या चार किलोचा धोंडा झाला. तो हातोडीने फोडून दोन माडांच्या आळ्यात टाकला. यंदा त्या माडांची झावळं बाकीच्यांपेक्षा हिरवी आहेत, आई म्हणते गाईपेक्षा माडाकच बरा लागलां.